झुंबरचं वल्हं

झुंबर, तुझं वल्हं अजून माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागं उभं आहे. केर काढणाऱ्या बाईला ते रोज हलवावं लागतं आणि ती रोज विचारते, हे टाकून द्यायचं का. मी नाही म्हणते. पण तुला सरळ सांगते, मला आता त्याचा कंटाळा आलाय. जुन्या पळसदेवच्या शाळेत आपण चौथीपर्यंत एका बसकरावर बसलो. पुढं मी कॉलेजात गेले आणि तू पाण्यात गेलीस. त्याचं वाईट मला वाटायचं. तुला कधी वाटलं नाही. हे पत्र तुला तुझी सून मोनालीच वाचून दाखवेल. दाखवू दे. तिच्याही कानावर जाऊ दे.

हायवेवरच्या त्या हॉटेलापुढं होडीत फुलझाडं लावलीत. येणारेजाणारे गाडी थांबवतात, होडीला टेकून फोटो काढतात आणि आत जाऊन चिलापी फ्राय खातात. त्या होडीची हकीकत एकदा तरी कुणी नीट सांगायला हवी. मी सांगते. चुकलं तर चूक काढ. दुसऱ्याच्या चुका काढायला तू कधी कमी नव्हतीस.

झुंबर भोयाच्या घरात जन्मली आणि भोयाच्याच घरात दिली. उजनीचं धरण झालं, भीमेचं पाणी फुगून गावावर आलं, गाव उठून वर सरकलं. धरणानं शेतकऱ्यांची जमीन घेतली आणि भोयांना पाणी दिलं, असं लोक म्हणतात. दिलं कुणी नाही. पाणी आलं आणि हे त्यात उतरले, एवढंच. नवरा ज्ञानदेव होडीच्या टोकाला उभा राहून जाळं सोडायचा; वल्हं झुंबरच्या हातात. लग्न झाल्यापासून तो जाईपर्यंत ती होडी तिनंच चालवली. वल्ह्याच्या दांड्यावर हाताच्या जागी खोलगट झिजलंय. तो हात ज्ञानदेवचा नव्हे, तिचा.

पण त्यांच्यात रीत निराळी. वल्हं ज्याच्या हाती, होडी त्याची. घरधनी गेला की तेराव्याला वल्हं धुवायचं, हळदकुंकू लावायचं आणि भावकीदेखत घरातल्या थोरल्या बाईनं ते एका मुलाच्या हातात द्यायचं. तिनं दिलं की झालं, मग कागद लागत नाही. देईपर्यंत मात्र होडी त्या बाईची. तिला कुणी हात लावायचा नाही. चालवणारी तीच असली, तरी ‘मीच ठेवते, मीच चालवते’ म्हणायची सोय रीतीत नव्हती. झुंबरलाही ते सुचलं नाही.

ज्ञानदेवच्या तेराव्याला दोन मुलं समोर उभी होती. थोरला सोमनाथ, बायकोपोरांचा. धाकटा जोतीराम, बिनलग्नाचा, पण पाण्यात बापाच्या वरचढ. वारं फिरायच्या आधी त्याला कळायचं. झुंबरनं वल्हं उचललं तेव्हा जोतीराम दोन पावलं पुढं झाला होता. सगळ्यांनी पाहिलं. तिनं ते सोमनाथच्या हातात दिलं. त्याच्या पदरी लेकरं होती, तिला दुसरं काय सुचणार. जोतीराम मागं सरकला आणि महिन्याच्या आत गेला. कोकणात एका बेटावर कुणा नाखव्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राहिला, असं मागून कळलं.

सोमनाथनं दोन वर्षं कशीबशी काढली. मग बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला. पहाटे मोटरसायकलला किक मारायची, संध्याकाळी साबणाचा वास घेऊन परत. त्यानं वल्हं आणून आईच्या दारात टेकवलं.

“आये, ह्ये तुझं तू ठेव. मला त्या चिखलात उतरवत न्हाय आता.”

होडी काठावर पालथी पडली. फळ्या उन्हानं फाकायला लागल्या. वल्हं पुन्हा झुंबरच्या हाती आलं होतं, म्हणजे होडी पुन्हा तिची. आता तिला एकच दिसत होतं. आपण चुकीच्या पोराला दिलं, आता बरोबरच्याला द्यायचं. जोतीराम सहा वर्षांत घरी फिरकला नव्हता. दिवाळीला फोन करायचा, “बरी हायस का” विचारायचा, ठेवून द्यायचा.

आणि त्यात मोनालीच्या बचत गटाची सहल निघाली. सहल नव्हे, अभ्यासदौरा म्हणायचं. कोळणी मासे कसे वाळवतात, लोणचं कसं घालतात, ते बघायला बायकांना समुद्राकाठी न्यायचं. मोनाली गटाची अध्यक्ष. तिनं बेटाचं नाव वाचून दाखवलं आणि भाकरी थापणाऱ्या झुंबरचा हात थांबला.

“म्या बी येते.”

“आत्या, तुमी गटात न्हाय.”

“मग घाल गटात.”

निघायच्या दिवशी ती वल्हं घेऊनच उभी राहिली. चावडीपुढं बसलेल्यांना तिनं आपण होऊन सांगितलं, “जोतीरामाला द्याया चालले. येताना त्यो माझ्यासंगं हाय, न्हायतर मागनं होळीला.” गावभर झालं. मोनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आत्या, अवो सहलीला वल्हं कोण नेतं?”

“तू पर्स घेतलीस, म्या काय म्हणलं का?”

बसमध्ये ते दोन्ही बाजूंच्या सीटांमधल्या वाटेत आडवं पडलं. चढणारी प्रत्येक बाई त्याला अडखळली. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “मावशे, डिझेल संपलं तर वल्हवायची का गाडी?”

“तुझ्या गाडीचा भरवसा न्हाय, म्हणून तर घेतलंय.”

सगळी बस हसली. झुंबरही हसली. पुष्कळ दिवसांनी ती अशी हसत होती, हे मोनालीनंच मला सांगितलं. एरवी ती सासूबद्दल बरं बोलत नाही, म्हणून मी ते खरं धरते.

लाँचनं बेटावर उतरल्या तेव्हा भरती होती. पाणी धक्क्याच्या दगडांना लागून डुचमळत होतं. अंगावर येणारा ओला वास, बांबूच्या मांडवांवर लटकलेले बोंबील, घरांना घरं लागलेली, मधून जेमतेम एक टोपली जाईल एवढ्या गल्ल्या, आणि रंगवलेल्या बोटींवर पोरीबाळींची नावं. बायका हरखून गेल्या. झुंबरनं आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली.

“एवढं पाणी आन प्याया थेंब न्हाय. काय कामाचं.”

धक्क्यावर मासे निवडणाऱ्या कोळणींनी तिच्या खांद्यावरचं वल्हं बघून विचारलं, “कनची गो बाय तू? ह्ये कनाचं?”

“माझंच. म्या चालवते होडी.”

“बाई होडीवं जाते?” त्यांना हसू आवरेना. “आमी बाजारान जातो. दर्यान पुरुष जातात.”

“आमच्यात बाप्या जाळं टाकतो, बाई वल्हं मारते. तुमच्यात वल्हं कोण मारतं?”

“इंजिन.”

झुंबरला ते काही पटलं नाही. माशांचा पैसा बायकांच्या हातात राहतो हे मात्र तिनं ऐकून ठेवलं.

जोतीराम आला तो निळ्या चड्डीत, उघडा, काळाभोर. रुंद झाला होता. मागून कुणी हाक मारली, “ए घाटी, तुजी आई आली रं.” सहा वर्षं झाली तरी तिथं त्याचं नाव घाटीच होतं. त्यानं आईच्या पायाला हात लावला आणि मग वल्ह्याकडं बघत राहिला. झुंबरनं वेळ घालवला नाही. सगळी रीत तिनं पाठ करून आणली होती. पदरात बांधलेलं हळदकुंकू सोडलं, वल्ह्याला लावलं, आणि त्याच्या नाखव्यादेखत म्हणाली,

“सोमनाथानं माघारी दिलंय. आता तुला देते. आमच्यात असंच असतं, नाखवा.”

जोतीरामनं दोन्ही हातांनी घेतलं. झिजलेल्या खोलगटीवरून अंगठा फिरवला.

“जड हाय अजून,” म्हणाला. मग नाखव्याकडं वळून, “होळी झाली की मी जाईन.”

“जा बाबा,” नाखवा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “आईनं वल्हा घेऊन यावं म्हंजे काय खायाचं काम हाय? माझं सुकाणू तुझ्या हाती देणार व्हतो पुढल्या वर्सी. पन जा.”

ते सुकाणूचं झुंबरच्या कानाशी आलं आणि गेलं. तिचं काम झालं होतं. जोतीराम वल्हं आपल्या खोलीत ठेवायला आणि नाखव्याबरोबर बर्फ उचलायला गेला. “हितंच बस,” म्हणाला. ती धक्क्यावर बसली.

बसली तर बसावं ना माणसानं. पण ती झुंबर.

समोर नाखव्याची लहान होडी होती. मोठी बोट दूर खोल पाण्यात, तिच्यापर्यंत जायला ही. मागं छोटं इंजिन, आत जाळं, टोपल्या, डबे, सगळं रात्रीच्या फेरीसाठी भरून ठेवलेलं. आणि बांधलेली कशी, तर दोन्ही टोकांना दोर नुसते सैल सोडलेले, पाण्यात लोंबणारे. होडी पुढं-मागं झुलत होती. झुंबरला बघवेना. उजनीवर दुपारी वारं सुटतं, लाटा उठतात, आणि सैल बांधलेली होडी दगडावर आपटून फुटते. ज्ञानदेवनं तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, होडी बांधावी तान्ह्या पोराला कुंची बांधतात तशी, हलता कामा नये. उजनीचं पाणी चढतं ते पावसाळ्यात, उतरतं ते उन्हाळ्यात. एका दुपारी ते कुठं जात नाही.

पोरगं आळशी झालं, तिला वाटलं. सहा वर्षांत हात बिघडला. तिनं पदर खोचला, दोर ओढून घेतले, होडी पुढून-मागून धक्क्याच्या कड्यांना घट्ट आवळली आणि वर ज्ञानदेवची गाठ मारली. ती गाठ ओढ बसेल तशी आवळत जाते, सुटत नाही. मग हात झटकून, समाधानानं, ती लोणच्याचं प्रात्यक्षिक बघायला गेली. कोळंबीला किती मीठ लागतं यावर तिनं तिथं वादही घातला म्हणे.

ऊन कलल्यावर ओरडा झाला. सगळी माणसं धक्क्याकडं पळाली, बचत गटही पळाला. झुंबर पोचली तेव्हा समुद्र तिथं नव्हता. खाली काळा चिखल, चिखलात खेकडे, आणि धक्क्याच्या कड्यांना नाखव्याची होडी अधांतरी टांगलेली. एका कुशीवर कललेली. जाळं खाली चिखलात सांडलेलं, टोपल्या उलट्या, आणि इंजिन निसटून तोंडावर पडलेलं. पाणी खाली गेलं, होडी खाली गेली नाही. गाठीनं जाऊ दिलं नाही. दोघं तिघं गाठ सोडायला झटत होते. शेवटी नाखव्यानं कोयत्यानं दोर तोडला आणि होडी धप्पकन चिखलात आली. एक फळी गेली.

“कुनी बांधली?”

जोतीराम तुटलेला दोर हातात घेऊन गाठ बघत होता. बापाची गाठ. त्यानं मान वर केली नाही. “माझ्याकडनंच झालं,” म्हणणार होता, असं झुंबरला आजही वाटतं. तो म्हणायच्या आत तीच पुढं झाली.

“म्या बांधली.”

“अगो बाय, आवळून बांदलीस? पानी जातं ना.”

इथं गप्प बसायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. परक्या गावात, परक्या पाण्यावर, चुकलं म्हटल्यानं काय जात होतं. पण तिच्या बांधण्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

“माझं बांधणं बरोबर हाय,” झुंबर म्हणाली. “तुमचंच पाणी पळालं.”

एक कोळीण हसली, मग सगळा धक्का हसला. “पानी पलालं. घाट्याची आई बोलते, पानी पलालं.” पोरं ओरडत गल्लीतून गेली. नाखवासुद्धा हसला, इंजिन चिखलात असताना. मोनाली हसली. फक्त जोतीराम हसला नाही. तो चिखलात उतरला आणि जाळं गोळा करायला लागला. त्या रात्री नाखव्याची बोट गेली नाही.

सकाळी लाँच सुटायच्या आधी तो वल्हं घेऊन आला.

“आये, ह्ये ने.”

“आरं, दिलं की तुला.”

“आत्ता न्हाय घेत. आत्ता आलो तर म्हणतील, घाट्यानं होडी मोडली आन आयेच्या पदराआड पळाला. रातीपासनं सगळी तेच इचारत्यात मला, पाणी कुठवर पळालं म्हणून.”

“इचारू दे. आपल्याला काय हितं ऱ्हायाचंय?”

“मला सहा वरसं झाली हितं. आत्ता कुठं माझ्यासंगं नीट बोलाया लागली व्हती.” त्यानं वल्हं या हातातून त्या हातात घेतलं. “तू कशाला हात लावलास गं?”

“सैल व्हती.”

“सैलच ठेवायची असती, आये.”

एवढंच. तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. वल्हं त्यानं तिच्या खांद्यावर नीट ठेवून दिलं, लाँचमध्ये चढताना हात दिला आणि पाणी पुरतं चढायच्या आत वळून गेला. परतीच्या बसमध्ये कुणी थट्टा केली नाही. ड्रायव्हरनंही नाही.

बस बारामतीचीच, ती तिथं थांबली. बायका तिथून जीप करून गावाकडं गेल्या. झुंबर उतरून बारामतीतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीच्या, म्हणजे माझ्या, दारात आली, वल्ह्यासकट. पाणी प्याली, चहा नको म्हणाली.

“ह्ये तुझ्याकडं ठेव. गावानं जाताना बघितलंय. येताना बघाया नको.”

“मोनालीला माहीत आहे की.”

“तिला सांगितलं, सकाळच्याला परत जोतीरामाकडं देऊन आले. लाँचीत गर्दी व्हती, म्या मागं टोपल्यांआड ठिवलं, तिनं बघितलं न्हाय. डायवरनं गुपचूप बसच्या टपावर चढवलं, तिला काय म्हाईत. हितं शेवटाला उतरवून घेतलं.”

मैत्रिणीनं तिला तेव्हाच सांगितलं, हे खोटं तुझ्या अंगाशी येईल. झुंबर म्हणाली, “होळीला त्यो येतोय. आला की नेते.” आणि गावात जाऊन चावडीपुढं सांगून मोकळी झाली, दिलं वल्हं, घेतलं पोरानं.

होळी गेली. हंगाम संपला, पावसाळ्यात बोटी काठाला लागल्या, तेव्हाही जोतीराम आला नाही. फोन केला की मागं कुणीतरी ओरडायचं, “घाटी, पानी पलालं का?” आणि तो म्हणायचा, नंतर करतो. शेवटच्या फोनवर म्हणाला, नाखव्यानं सुकाणू दिलंय, आता हे वर्ष तरी सोडता येत नाही. म्हणजे त्यानं ती थट्टा हिमतीनं पुसून काढली होती. आईनं अभिमान बाळगायचा की रडायचं?

आणि रीत आडवी आली. वल्हं जोतीरामकडं गेलं, असं सगळ्या भावकीनं झुंबरच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणजे होडी तिची राहिली नव्हती. हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं दारापुढं ठेवायला जुनी होडी मागितली, तेव्हा सोमनाथनं आईला विचारलंच नाही. त्यानं भावाला फोन लावला.

“होडी तुझी हाय. कुजाया लागलीय. येतोस का देऊ?”

“मला काय इचारतो,” म्हणून जोतीरामनं फोन ठेवला. वल्हं त्याच्याकडं नव्हतं, तो त्याच्या परीनं खरंच बोलला. सोमनाथनं त्याच्या परीनं त्याला होकार धरला. त्यालाही दोष देता येत नाही, हीच तर चीड आहे. एका वाक्यानं सगळं थांबलं असतं. “वल्हं माझ्याकडं हाय.” ट्रॉलीत होडी चढत होती तेव्हा झुंबर दारात उभी होती आणि ते वाक्य तिच्या तोंडातून आलं नाही. ते म्हटलं की पोरानं वल्हं परत केलं, हे गावाला कळणार होतं.

आता होडीत माती भरलीय, बोगनवेल लावलीय, रात्री दिव्यांची माळ. हॉटेलवाल्याला तिच्यात वल्हंही हवं होतं. मोनाली म्हणाली, ते धाकट्या दिरांकडं आहे. मग त्यानं सुताराकडून नवं करून घेतलं आणि लाल रंग दिला. झुंबर मागच्या बाजूला मोरीपाशी बसून त्याच हॉटेलाचे मासे साफ करते. चिलापीचे खवले हातभर उडतात. पुढच्या दारानं ती येत नाही.

तर झुंबर, मी तुला दोनदा फोन केला. म्हटलं, ये आणि तुझं वल्हं घेऊन जा. भावकी बोलव आणि सगळ्यांसमोर उभं कर. रीत तुमचीच आहे, वल्हं बाईच्या हातात तोवर होडी बाईची. त्या हॉटेलवाल्याला बोगनवेल उपटायला लाव. जाईल अब्रू थोडी. आधीच काय कमी गेलीय. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “आइतवारी येते.” वर म्हणालीस, एसटीत एवढं लांब घेतील का ते कंडक्टरला विचारून ठेव.

मी स्टँडवर जाऊन विचारलं. मागच्या बाकाखाली आडवं बसतं म्हणाला, फक्त गर्दीच्या आधी या. त्या रविवारी मी सकाळीच ते दारामागून काढून पुढच्या सोप्यात आणून ठेवलं होतं. रविवारी हॉटेलात गर्दी असते, मासे जास्त लागतात, हे मला माहीत आहे. पुढच्या रविवारीही असते. संध्याकाळी मी ते परत आत नेलं.